दोरीवरचे तीन शर्ट

३ जून

अहो,

पत्र वन्संच्या पत्त्यावर टाकते आहे. तुमचा पत्ता त्या मला देत नाहीत, आणि पुन्हा मागून मी शब्द वाया घालवले नाहीत. तुमच्यापर्यंत पोचवते म्हणाल्या. पाकीट फोडून वाचतीलही. वन्सं, वाचत असाल तर वाचा, पण नीट चिकटवून पुढे पाठवा.

आधीच सांगते, पैसे मागायला लिहीत नाही. तेव्हा पहिल्याच ओळीला पत्र खाली ठेवू नका.

ठकीला कॉलेजात जागा मिळाली. जमीन मोजायचं शिक्षण आहे, तिपाईवर दुर्बीण ठेवून एका डोळ्यानं बघतात ते. घरात बापाचा ठावठिकाणा लागेना आणि पोरगी जगाची मोजमापं घ्यायला निघाली, असं मी म्हटलं तर हसली नाही. कॉलेज लांबच्या शहरात, राहायचं वसतिगृहात. दोन्हीचा खर्च माझ्या आवाक्याबाहेरचा आहे. मी अजून त्याच धुलाईच्या कारखान्यात हॉटेलांच्या चादरींना इस्त्री करते.

पण यासाठी सरकारचं अनुदान आहे. हुशारीचं नव्हे, गरजेचं. त्यात मार्क बघत नाहीत, घर बघतात. किती येतं, कोण कमावतं, खाणारी तोंडं किती. माझ्या पगाराचा दाखला बघून खिडकीवरचा कारकून म्हणाला, बसतंय, आरामात बसतंय. कमी कमावल्याबद्दल माझं कुणी कौतुक करण्याची ही पहिलीच वेळ.

मग एक अडचण आली. वडील सोबत राहत नाहीत, काही देत नाहीत, असं आम्ही अर्जात लिहिलं होतं. त्याबाबत कार्यालयाचा काही गैरसमज झाला. कसा झाला ते लिहीत बसत नाही. अर्ज नामंजूर होऊन परत आला आहे. आता तुमच्या हातचा एक कागद हवा: मी यांच्यासोबत राहत नाही आणि यांना काही देत नाही. खाली सही. खरंच आहे ते, त्यामुळे लिहायला जड जाऊ नये. दहा जुलैच्या आत कागद पोचला नाही तर अनुदान गेलं, आणि अनुदान गेलं की कॉलेजही गेलं.

बाकी आम्ही मजेत आहोत. खोली हवेशीर आहे, शेजार चांगला आहे, कशाला काही कमी नाही.

ठकीची आई

ता. क. तुमचे काळे बूट अजून माझ्याकडे आहेत. पॉलिश केलेले आहेत. आपलं सहज कळवलं.

१६ जून

अहो,

तुमचं उत्तर आलं नाही. येईल असं धरून मी दोन दिवस जेवणाच्या सुट्टीत घरी येऊन पत्रांची पेटी बघून गेले, हे तुम्हाला कळायचं कारण नव्हतं, पण लिहून गेले, असू दे.

कदाचित तुम्ही म्हणत असाल, नवरा सोडून गेला हे साऱ्या जगाला दिसतंय, मग त्याचा वेगळा कागद कशाला? तर ऐका. सांगणार नव्हते.

तुम्ही गेलात तेव्हा जुनी खोली परवडेना. ही नवी बघायला आले तर घरमालक म्हणाले, एकट्या बाईला खोली देत नाही, उद्या काही झालं तर विचारायचं कुणाला? ठकी माझं बोट धरून उभी होती. माझ्या तोंडून निघून गेलं की एकटी कुठे आहे, नवरा फिरतीवर असतो, शीतगृहांची यंत्रं दुरुस्त करायला गावोगाव जातो. यातलं अर्धं खरंच होतं. तुम्ही यंत्रं दुरुस्त करायचात, आणि गेलाही होतातच.

एकदा नवरा आहे म्हटलं की तो दिसायला नको? तुमचे तीन शर्ट राहिले होते. निळ्या रेघांचा, राखाडी आणि पांढरा. आमच्या खोलीपुढे लांब गॅलरी आहे, आमच्यात आणि शेजारणीत मिळून कपडे वाळत घालायची एक दोरी. दर रविवारी मी ते तिन्ही शर्ट धुऊन त्या दोरीवर घालते. बूट दाराशी ठेवते. कुणी विचारलं तर सांगते, काल सगळे झोपल्यावर आले आणि उजाडायच्या आत गेलेसुद्धा. सात वर्षं. इतक्या वेळा कुणाला न दिसता येणं-जाणं चोरालाही जमलं नसतं. पण लोक दोरी बघतात आणि समजून घेतात.

इस्त्रीवाल्या बाईला एक गोष्ट कळते. न घातलेला शर्ट कितीही धुवा, ओळखू येतो. त्याची कॉलर मळत नाही, कोपरापाशी चुण्या पडत नाहीत. म्हणून शनिवारी संध्याकाळी मी तुमचा शर्ट घालून स्वयंपाक करते. आळीपाळीनं तिन्ही. हे कामातली खुबी म्हणून सांगते आहे, भलतं काही समजू नका.

तर अनुदान देण्याआधी घर बघायला कार्यालयाच्या तपासणीच्या बाई आल्या. न कळवता येतात, आणि रविवारी येतात, कारण माणसं घरी सापडतात. बारीक चणीच्या, हळू बोलणाऱ्या. दाराशी चकचकीत बूट, दोरीवर तीन ओले शर्ट. त्यांनी विचारलं, हे कुणाचे? आणि मी, जिच्या लेकीचं सगळं शिक्षण या एका उत्तरावर होतं, ती मी, विचार करायच्या आत म्हणाले, "यांचे."

सात वर्षांची जिभेची सवय, दुसरं काय. ठकीनं माझ्याकडे अशी मान वळवली की अजून आठवतं.

मग बाई शेजारी गेल्या. शेजारणीनं सांगितलं, फार कर्ता माणूस आहे, कुटुंबाला काही कमी पडू देत नाही. खाली घरमालकांनी तर कमाल केली. म्हणाले, मी स्वतः जिन्यात बोललोय त्यांच्याशी, उंच आहेत, भारदस्त आहेत. तुम्ही माझ्या कानाएवढे. सात वर्षांत तुमची उंची वाढली म्हणायची. त्या बिचाऱ्यांचं काही चुकलं नाही. परक्या माणसानं चौकशी केली की शेजाऱ्याबद्दल चार शब्द चढवूनच सांगावेत, एवढं चांगुलपण या इमारतीत आहे. हात दाखवून अवलक्षण करून घेतलं ते मीच.

अर्जावर शेरा आला: वडिलांचं उत्पन्न लपवलं आहे.

म्हणून कागद हवा. आता सगळं सांगितलं, तेव्हा लवकर पाठवा.

ठकीची आई

ता. क. ठकी माझ्याशी कामापुरतं बोलते. मीठ दे, दिवा बंद कर, एवढंच.

२७ जून

अहो,

काल वन्सं येऊन गेल्या. कागदाऐवजी नोटांचं पाकीट घेऊन. तुम्ही सही करणार नाही, हे सांगायला त्यांना चहाचे दोन कप लागले.

कारण ऐकून आधी मला हसू आलं, खरं सांगते. तुम्ही जिथे राहता तिथे तुम्हाला लोक भला गृहस्थ म्हणतात. संसार मोडला, पण मुलीचे पैसे महिन्याच्या महिन्याला पाठवतो, असं तुम्ही सांगून ठेवलंय. जिच्याबरोबर राहता तिलाही. "काही देत नाही" असं सरकारला लिहून दिलं आणि ते तिच्या कानावर गेलं तर तुमची मान खाली जाईल. म्हणजे बघा, मी इथे सांगते तुम्ही पाठवता, आणि तुम्ही तिथे सांगता तुम्ही पाठवता. लग्न झाल्यापासून आपलं दोघांचं एवढं एकमत कधी झालं नव्हतं.

पाकीट मी वन्संच्या पिशवीत परत ठेवलं. एका पाकिटात तीन वर्षांचं शिक्षण होत नाही. आणि ते घेतलं असतं तर "काही देत नाहीत" हेही खोटं ठरलं असतं. सात वर्षांनी द्यायची बुद्धी झाली तीसुद्धा नेमकी अशा वेळी, की घेतले तर नुकसान.

वन्संना सोडायला गॅलरीत आले तेव्हा शर्ट दोरीवरच होते. निळ्या रेघांचा त्यांनीच तुम्हाला दिला होता. त्यांनी बाही हातात धरली, ओली आहे का बघतात तशी, आणि जिना उतरल्या.

ठकी आत बसून सगळं ऐकत होती. तिनं कार्यालयात जाऊन विचारून ठेवलंय: वडिलांचा कागद मिळत नसेल तर फेरतपासणी मागता येते. दोन शेजाऱ्यांनी लिहून द्यायचं की हा माणूस इथे राहत नाही, आणि तपासणीच्या बाई पुन्हा येऊन खात्री करतात. म्हणजे मी दारोदार जाऊन सांगायचं. घरमालकांनी खोली काढून घेतली तर काय करायचं, असं मी तिला विचारलं. आणि सात वर्षं ज्या माणसांत ताठ मानेनं वावरले, त्यांना काय सांगू? माझं बोलणं ती पुरतं ऐकून घेते, तुमच्यासारखी नाही. मग म्हणाली:

"आई, तुला मी कॉलेजात हवी आहे, की ते घरात हवेत?"

मी म्हटलं, शर्ट काढायला हवेत, संध्याकाळ झाली. आणि बाहेर गेले. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते माझ्यासाठीच.

हे पत्र तुम्हाला का लिहिते आहे, कळत नाही. आता तुमच्याकडून काहीच नको आहे. पण हे सगळं ठाऊक असलेलं दुसरं माणूस मला नाही.

ठकीची आई

६ जुलै

अहो,

सांगून आले. दोघांनाही.

घरमालकांपासून सुरुवात केली. आमच्या कारखान्यातही इस्त्रीला आधी सोपे उशांचे अभ्रे घेतात, मग चादरी, म्हणजे हात बसतो. खाली त्यांचं किल्ल्या बनवायचं दुकान आहे. मी उभ्या-उभ्याच सांगितलं की माझा नवरा इथे कधी राहिला नाही, आम्हाला सोडून गेला आहे. त्यांनी कानस खाली ठेवली आणि म्हणाले, काहीतरी काय बोलता, मी बोललोय त्यांच्याशी. मी म्हटलं, दुसरं कुणी असेल. ऐकायलाच तयार नाहीत. जिन्यातल्या दिव्याच्या बटणापाशी भेटले होते, हवापाण्याचं बोललो, सभ्य माणूस. मी म्हटलं, ते माझ्या कानाएवढे आहेत. तर म्हणाले, वरच्या पायरीवर उभे असतील, म्हणून उंच दिसले.

इतक्या खात्रीनं बोलत होते की घटकाभर मलाच वाटलं, तुम्ही खरंच येऊन गेलात की काय. दार वाजवायचा धीर झाला नसेल, म्हणून परत गेला असाल. हसू नका. वर येताना मी त्या बटणापाशी जरा वेळ थांबले होते.

शेवटी केली सही. पण आपल्या अक्षरात खाली जोडलं: "मला भेटलेले गृहस्थ दुसरे असावेत." आणि या वादावादीत, एकट्या बाईला आपण खोली देत नाही, हे ते साफ विसरून गेले.

मग शेजारीण. हिच्याविषयी मी तुम्हाला नीट लिहिलं नाही. ती बेकरीत कामाला आहे, पहाटे जाते, दुपारी येते. घरात तिची सासू अंथरुणाला खिळलेली. रोज संध्याकाळी मी कामावरून आले की आम्ही एक चहा दोघींत घ्यायचो. तिचं माझ्यापासून काही म्हणजे काही लपलेलं नाही. सासूला उचलायला, दिरांच्या भांडणात मध्ये पडायला, पगार संपला की रडायला, सगळ्याला मी. तिला वाटायचं, माझंही सगळं तिला ठाऊक आहे.

मी सांगितलं. आधी तिला नीट कळलंच नाही. म्हणाली, मग शर्ट कुणाचे? मी म्हटलं, त्यांचेच. म्हणाली, मग मळवतं कोण? मी खाली बघितलं. तेव्हा तिला कळलं.

मला वाटलं होतं जवळ घेईल. खरंच वाटलं होतं. ती उठली आणि तिच्या खोलीतल्या खुर्च्यांकडे बोट दाखवलं. चार खुर्च्या, चारींच्या पाठींवर सासूच्या चादरी वाळत टाकलेल्या.

"मला रविवारचीच सुट्टी असते धुवायला," ती म्हणाली. "सात वर्षं मी या घरात वाळवल्या. खोलीभर ओला वास. का, तर तुझा नवरा एका रात्रीसाठी येतो, त्याचे कपडे उन्हात वाळू देत. मला तर सांगायचंस."

तिनं कागद ओढून घेतला, सही केली, पेनाचं टोपण लावलं आणि कागद माझ्या हातात न देता टेबलावर ठेवला.

तेव्हापासून चहा बंद आहे. गॅलरीत समोरासमोर आलो तर ती चप्पल नीट करायला वाकते. भिंत पातळ आहे, तिचा चमचा कपात फिरतो तो मला ऐकू येतो.

सात वर्षं हे का केलंस, हे तिनं विचारलं नाही. तुम्हीही विचारणार नाही, म्हणून न विचारता सांगते. घरमालकांसाठी पहिलं एक वर्ष पुरलं असतं. भाडं वेळेवर मिळालं की ते कुणाचा नवरा मोजत बसत नाहीत. नंतरचं सगळं मी माझ्यासाठी केलं. रविवारी वारा आला की तुमच्या बाह्या हलायच्या, आणि आत बसून भाजी निवडताना तेवढा वेळ मला बरं वाटायचं. एवढंच होतं ते. त्यासाठी मी पोरीचं शिक्षण पणाला लावलं.

ठकीची आई

१९ ऑगस्ट

अहो,

अनुदान मंजूर झालं. फी, वसतिगृह, दोन्ही वेळचं जेवण, वर्षाची पुस्तकं. दरवर्षी पुन्हा घर बघायला येतील म्हणे. येऊ देत.

तपासणीच्या बाई फेरतपासणीला आल्या तेव्हा दाराशी बूट नव्हते, पण शर्ट मी मुद्दाम काढले नव्हते. लपवलं म्हणून पुन्हा शेरा नको. त्यांनी विचारलं, हे कुणाचे? मी म्हटलं, "माझ्या नवऱ्याचे. ते नाहीत, शर्ट आहेत." बाई लिहिता लिहिता थांबल्या. मग म्हणाल्या, पाणी मिळेल का? पाणी पिऊन झाल्यावरही थोडा वेळ बसल्या.

मंजुरीच्या कागदावर माझ्या नावापुढे लिहिलंय: एकल पालक. खाली गोल शिक्का आहे. इतकी वर्षं जे जिवाच्या आकांतानं झाकलं त्याचा आता सरकारी दाखला मिळाला. शिक्का जरा तिरका बसलाय, नाहीतर चांगला आहे.

ठकी गेली. गाडीत बसताना मला म्हणाली, नीट जेव. एवढंच, पण आमचं बोलणं सुरू झालं होतं. बॅग तिनं तिचीच भरली, मला हात लावू दिला नाही. जमीन मोजायची पहिली तासिका झाली. दुर्बिणीतून लांबचा माणूस बघितला, उलटा दिसला, फोनवर म्हणाली. सरळ करायला शिकवतात की नाही ते विचारायचं राहिलं.

इथे शांत आहे. शनिवारी संध्याकाळी काय घालून स्वयंपाक करावा तेच सुचेना. शेवटी केलाच नाही. चहा-पाव खाल्ला आणि दिवा न लावता बसून राहिले. एकटेपण मी आजवर लोकांपासून लपवत होते, माझ्यापासूनही लपत होतं बहुतेक. आता ते समोर येऊन बसतं आणि उठायचं नाव घेत नाही.

रविवारी दोरी रिकामी होती. पलीकडे खुर्च्या सरकवल्याचा आवाज आला. म्हणजे चादरी धुऊन झाल्या होत्या, आणि रिकामी दोरी दिसत असूनही ती बाहेर येणार नव्हती. तीही काही कमी नाही. मी गेले, दार उघडंच होतं, न विचारता बादली उचलून गॅलरीत आणली. ओली जाड चादर एकटीला पिळवत नाही. मी एक टोक धरून नुसती झटत होते. ती दारात येऊन बघत राहिली. पुष्कळ वेळ. मग आली आणि दुसरं टोक धरलं. मी ज्या बाजूला पीळ दिला त्याच बाजूला तिनं दिला, त्यामुळे चादर नुसतीच फिरली.

"चादरींत जन्म गेला तुझा," ती म्हणाली, "आणि पिळायची अक्कल नाही."

एवढंच बोलली. चहाला बोलावलं नाही. पण चारही चादरी उन्हात वाळल्या, आणि आता दोरीवर जागा उरलेली नाही.

म्हणून तुमचे कपडे या पार्सलात पाठवते आहे. बूट खाली आहेत, कागदात गुंडाळलेले. शर्टांना इस्त्री केली आहे. दोनच आहेत, राखाडी आणि पांढरा. निळ्या रेघांचा शोधून दमले. कपाट पालथं घातलं, शेजारणीकडेही विचारलं. मग लक्षात आलं, ठकीनं बॅगेला मला हात का लावू दिला नाही. एवढे दिवस जी मला शर्टांवरून बोलत होती ती. फोनवर मी काही विचारलं नाही, तिनंही सांगितलं नाही.

तर माझं एक काम करा. मला उत्तर नको. तिला एक पत्र लिहा. काय लिहायचं ते तुम्ही बघा, थोडंसं लिहिलंत तरी चालेल. वसतिगृहाचा पत्ता पार्सलाच्या आत, पांढऱ्या शर्टाच्या खिशात ठेवला आहे. घाबरू नका. तुम्ही लिहिलंत तर तिचं अनुदान बंद होईल का, हे मी तपासणीच्या बाईंना आधीच विचारून घेतलं. पत्र उत्पन्नात धरत नाहीत, असं त्या म्हणाल्या.

ठकीची आई